‘बायकांना डोक्यावर बसवलंय’ म्हणणाऱ्याशी कसं बोलावं

मी रोज सकाळी खानापूरहून बेळगावची बस धरते. कचेरीजवळ माझं टायपिंग-झेरॉक्सचं छोटं दुकान आहे. बसमध्ये गर्दी, दुकानात खातेफोडीचे म्हणजे जमीन वाटणीचे कागद, त्यामुळे ‘स्त्रीवाद’ या शब्दाला पडणाऱ्या शिव्या दोन्हीकडे ऐकते. आधी भांडायची. घसा बसायचा, दुसरं काही व्हायचं नाही. आता काय करते ते सांगते.

शब्दावरून वाद घालू नका. ‘स्त्रीवाद म्हणजे पुरुषद्वेष नव्हे’ असं तुम्ही म्हटलंत की समोरचा मोबाइल काढून कुठला तरी व्हिडिओ दाखवतो आणि तुम्ही त्या व्हिडिओतल्या बाईची वकिली करत बसता. त्यापेक्षा विचारा, ‘मामा, नेमकं काय झालं?’ काही तरी झालेलंच असतं. सीट मिळालेली नसते, बहिणीनं वाटणी मागितलेली असते, नाही तर सुनेनं नोकरी धरलेली असते.

सीटचंच घ्या. 11 जून 2023 पासून कर्नाटकात शक्ती योजना आली आणि साध्या बसमध्ये आम्हाला शून्य रुपयाचं तिकीट मिळायला लागलं. तेव्हापासून रोज कुणी तरी म्हणतंच, ‘फुकटात फिरायल्यात सगळ्या!’ इथं आधी खरं ते कबूल करा. गर्दी वाढली आहे. शाळेची पोरं दारात लोंबकळतात, भरलेली गाडी थांब्यावर न थांबता जाते. हे नाकारलंत तर पुढचं कुणी ऐकत नाही. मग विचारा, गाड्या कमी असतील तर त्या मागायच्या, का बायकांना खाली उतरवायचं? शून्य तिकिटाचे पैसे सरकार महामंडळाला देतं, म्हणून तर कंडक्टर ते तिकीट फाडल्याशिवाय सोडत नाही. आणि बहुतेकांना ठाऊक नसलेली गोष्ट म्हणजे योजना आली तेव्हाच्या नियमात आपल्याकडच्या साध्या बसमधल्या निम्म्या सीटा पुरुषांसाठी राखीव ठेवल्यात. हे मी एका मामांना सांगितलं तर म्हणाले, ‘मग ह्या उठत का न्हाईत?’ मी म्हटलं, ‘तुम्ही सांगा की, नियम हाय.’ ते काही बोलले नाहीत, पुढं बघत उभे राहिले. (महाराष्ट्रातल्या चंदगडहून बाजाराला येणारी बाई इथल्या बसमध्ये पूर्ण तिकीट काढते, कारण तिचं आधार महाराष्ट्राचं. तिकडच्या एसटीत तिला मार्च 2023 पासून निम्मं तिकीट. सीमेवर बाईचा भाव असा मैलामैलाला बदलतो!)

‘हक्क पाहिजेत, जबाबदारी नको’ हे दुकानात येणाऱ्या भावांचं आवडतं वाक्य. इथं आवाज चढवू नका, कायदा सांगा. 9 सप्टेंबर 2005 पासून हिंदू कुटुंबातल्या मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखाच जन्मानं हक्क आहे. कर्नाटकात लग्न न झालेल्या मुलींना तो 1994 पासूनच होता. 2005 च्या त्या तारखेला वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सुप्रीम कोर्टानं ऑगस्ट 2020 मध्ये स्पष्ट केलं. पण 2005 च्या त्याच कायद्यात पुढं लिहिलंय की मिळकतीवरची देणीही तिच्यावर मुलासारखीच येतात. आईबापाला सांभाळायची जबाबदारी लग्न झालेल्या मुलीवरही आहे, हे तर कोर्टानं 1987 सालीच सांगितलं. एवढं सांगून झालं की हळूच विचारा, ‘आईच्या औषधाला बहिणीनं कधीच पैसे दिले न्हाईत?’ बहुतेक वेळा दिलेले असतात. काही भाऊ ते लगेच कबूल करतात, हेही सांगायला पाहिजे.

खोट्या तक्रारींचा विषय निघाला तर ‘असं होतच नाही’ म्हणू नका. होतं. म्हणूनच 2014 मध्ये सुप्रीम कोर्टानं हुंड्याच्या छळाच्या तक्रारीत सरसकट अटक करू नका असं पोलिसांना बजावलं. खोटी तक्रार करा असं स्त्रीवाद कुठं सांगतो, एवढं विचारा आणि थांबा.

तरुण पोरांशी चारचौघांत बोलू नका. मित्रांसमोर पोरगं कधी हरत नाही. माझा भाचा रोज पहाटे बेळगावच्या मराठा सेंटरच्या सैन्यभरतीसाठी धावतो. शेंगा फोडत बसलो होतो तेव्हा म्हणाला, ‘समानता पाहिजे तर बायका सैन्यात का जाईनात गे मावशी?’ म्हटलं, अरे, त्यासाठीच त्या कोर्टात भांडल्या. सैन्यातल्या बायका-अधिकाऱ्यांच्या कायम नेमणुकीचा निकाल 2020 मध्ये लागला, एनडीएत, म्हणजे सैन्याचे अधिकारी घडवणाऱ्या संस्थेत, मुली 2022 मध्ये गेल्या. दार लावून घेतलेलं कुणी, ते बघ. बराच वेळ गप्प होता. मग विचारलं, ‘त्यांना पण तेवढंच धावायला लागतं?’ हा चांगला प्रश्न होता. आमचं बोलणं पुढं तासभर चाललं.

‘हे सगळं इंग्रजी खूळ’ म्हणणाऱ्याला फार वेळ देऊ नका. बाराव्या शतकातली संत कवयित्री अक्कमहादेवी आपल्या कर्नाटकातली, आणि 1882 साली पुस्तक लिहून बायकांवरचे आरोप पुरुषांवर उलटवून विचारणाऱ्या ताराबाई शिंदे बुलढाण्याच्या. दोघींपैकी कुणी इंग्लंडला गेली नव्हती.

सगळ्यात अवघड असतं ते ‘मी काय तसली स्त्रीवादी न्हाई बाई’ म्हणणाऱ्या बाईशी बोलणं. तिच्या तोंडून तो शब्द वदवून घ्यायला जाऊ नका. तिच्यासमोरचा कागद वाचून दाखवा. गेल्या पावसाळ्यात एक काकू भावाबरोबर हक्कसोडपत्राला आल्या. इथं असले कागद कन्नडमध्ये होतात, आणि काकू मराठी चौथी शिकलेल्या. भाऊ म्हणाला, ‘अक्काला सगळं म्हाईत हाय, अंगठा घ्या.’ मी म्हटलं, ‘एकदा मराठीत वाचते, मग घेऊ.’ सर्व्हे नंबर, एकर-गुंठे, विहिरीतला हिस्सा, आंब्याची झाडं, सगळं सावकाश वाचलं. काकू पदराचं टोक चाळवत ऐकत होत्या. झाडांपाशी आले तेव्हा म्हणाल्या, ‘ते परत वाच गे.’

परत वाचलं. मग त्या भावाला म्हणाल्या, ‘आज नको, पुढच्या सोमवारी येऊ.’ तो कागद अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.