जुन्या डिझेल ट्रकची ताकद वाढवताय? या चुका टाळा

बोरघाटात भरलेली गाडी दुसऱ्या गिअरवर आली की पहिला सल्ला ठरलेला: ‘पंपाचं डिझेल वाढव’ (पंप म्हणजे इंजिनाला डिझेल पुरवणारा इंजेक्शन पंप). कळंबोली असो की वडाळ्याचं ट्रक टर्मिनल, अर्ध्या तासात पंपाच्या स्क्रूवरचं कंपनीचं सील तोडून देणारा सापडतोच. पण बारा-पंधरा वर्षं धावलेल्या इंजिनाला बहुतेक वेळा जादा डिझेल नकोच असतं. कंपनीतून आली तेव्हाची ताकद कुठेतरी गळालेली असते. ती जागा आधी शोधा. पंपाला हात सगळ्यात शेवटी.

सील आधी तोडणं

हवा तेवढीच ठेवून डिझेल वाढवलं की ते पुरतं जळत नाही. काळा धूर म्हणजे ताकद नव्हे, सायलेन्सरमधून उडालेले पैसे. बिनटर्बोच्या (इंजिनात जादा हवा दाबणारा पंखा नसलेल्या) इंजिनात तर हवा मोजकीच येते, त्यामुळे ही मर्यादा फार लवकर गाठली जाते. चढावर असंच ओढत राहिलं की एक्झॉस्टचं तापमान ७०० अंश सेल्सिअसच्या वर जातं, मग पिस्टनचा माथा वितळतो किंवा हेडला तडा जातो. शिवाय बीएस-४ या प्रदूषण-निकषापूर्वीच्या डिझेल गाडीला पीयूसीत धुराच्या दाटपणाची ६५ हार्ट्रिजची (हे धूर मोजायचं एकक) मर्यादा आहे, तीही ओलांडली जाते. डिझेल वाढवायचंच असेल तर पंप टेस्ट बेंचवर चढवा आणि प्रत्येक प्लंजर (पंपातला दट्ट्या, एका सिलिंडरला एक) सारखंच डिझेल देतो का ते मोजून घ्या. गाडीवरच स्क्रू फिरवून हे कधीच जमत नाही.

फुकटातली तपासणी टाळणं

इंजिन बंद ठेवून एकाने पेडल तळापर्यंत दाबावं, दुसऱ्याने पंपाचा लिव्हर शेवटच्या स्टॉपला टेकतो का ते पाहावं. लिंकेज झिजलं किंवा केबिनचे रबर बसले की लिव्हर मध्येच थांबतो. तेवढ्याच कारणासाठी पंप उतरवलेल्या गाड्या कमी नाहीत. मोकळ्या उतारावर गाडी आपणहून सरकत नसेल किंवा एखादा ड्रम हात लावू देत नसेल, तर दोष ब्रेक धरल्याचा आहे, इंजिनाचा नाही.

हवा

मेट्रोची कामं आणि उरण-जेएनपीटी पट्ट्यातली धूळ यामुळे फिल्टर पुस्तकात दिलेल्या मुदतीच्या कितीतरी आधी भरतो. तो टायरवर आपटू नका, कागद फाटतो. २ बारपेक्षा कमी दाबाची हवा आतून बाहेर मारा. मग आत बल्ब धरून पाहा. उजेडाचा ठिपका दिसला तर फिल्टर बाद. आतला छोटा सेफ्टी फिल्टर साफ करायचा नसतो, बदलायचा असतो.

टर्बो गाडीत इनटेक मॅनिफोल्डपासून पंपाच्या डायफ्रामपर्यंत (हवेच्या दाबाने हलणाऱ्या पडद्यापर्यंत) एक बारीक नळी जाते. तिला चीर गेली की पंपाला बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) कळत नाही आणि तो डिझेल वाढवतच नाही. धूर कमी, पिकअप गायब, असं दिसलं तर ही नळी आधी बघा. मोठ्या होजच्या क्लिपांवर साबणाचं पाणी टाकून इंजिन रेस केलं की गळती दिसते.

डिझेल

गाडी वीस-पंचवीस किलोमीटर नीट चालते, मग दम टाकते आणि टाकीचं झाकण उघडताच ‘फुस्स’ होऊन पुन्हा सुधारते. अशा वेळी झाकणाचं हवेचं भोक बुजलेलं असतं. एरवी फीड पंपाची (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाची) जाळी धुवा, डिझेलचे दोन्ही फिल्टर एकत्र बदला. पावसाळ्यात फिल्टरखालचं पाणी दर दोन-तीन दिवसांनी काढा. डिझेलच्या लाइनमध्ये अडकलेली हवा काढताना आधी फिल्टरचा स्क्रू सैल करून हातपंप मारा, बुडबुडे थांबले की आवळा. मग तेच पंपाच्या स्क्रूवर.

नोझल आणि टॅपेट

कोणतं सिलिंडर झोपलंय हे ओळखायला आयडलिंगवर एकेका नोझलच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोटीच्या) पाइपचा नट सैल करा. आवाज बदलला नाही तर ते सिलिंडर काम करत नाही. हात लांब ठेवा, त्या दाबाचं डिझेल कातडीत घुसतं. हे जुन्या यांत्रिक पंपावरच चालतं. कॉमन रेलवर (नव्या गाड्यांतली खूप जास्त दाबाची, इलेक्ट्रॉनिक डिझेल व्यवस्था) कधीही करू नये. नोझल बसवताना भोकात जुना तांब्याचा वॉशर अडकून राहतो आणि त्यावर नवा बसतो. मग नोझलचं टोक वर राहतं, फवारा चुकीच्या जागी पडतो, धूर येतो आणि दोष नव्या नोझलला लागतो.

टॅपेट, म्हणजे वाल्व्ह आणि रॉकरमधली फट, इंजिन गार असतानाच लावा. कमिन्सच्या ५.९ लिटर ६बीटीला इनटेक ०.२५ आणि एक्झॉस्ट ०.५० मिमी, टाटा किंवा लेलँडला त्यांच्याच पुस्तकातला आकडा. सिलिंडर पेटण्याच्या १-५-३-६-२-४ या क्रमात सहावं ओव्हरलॅपवर (दोन्ही वाल्व्ह थोडे उघडे) असताना पहिलं लावा, दुसरं असताना पाचवं, चौथं असताना तिसरं. ‘आवाज येऊ नये’ म्हणून टॅपेट घट्ट ठेवणं ही सगळ्यात महागाची चूक. वाल्व्ह सीटवर पुरता बसत नाही, कॉम्प्रेशन गळतं आणि तो जळतो.

थर्मोस्टॅट काढून फेकणं

गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर पाण्याला रेडिएटरची वाट उघडणारा वाल्व्ह) काढला की बायपासची वाट उघडीच राहते. मग बरंच पाणी रेडिएटरला न जाताच फिरतं आणि घाटात इंजिन उलट जास्त तापतं. सपाटीवर तेच इंजिन गार राहून बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजवतं. बोअरिंगचं खारं पाणीही नको. कूलंट आणि शुद्ध पाणी निम्मं-निम्मं घाला.

एवढं करूनही गाडी खेचत नसेल, तर गरम इंजिन आयडलिंगला ठेवून ऑइलचं झाकण सैल करा. झाकण उडत असेल, धुराचे झोत येत असतील, तर पिस्टनच्या रिंगा संपल्या आहेत. मग पंपावर खर्च करू नका, कॉम्प्रेशन मोजून हाफ इंजिनाचं (पिस्टन-रिंगांचं) काम काढा.