फवारणीवाल्या बापाची शॉर्टफिल्म: गरिबी रडून नाही, आकड्यांनी दाखवा

हलाखीतून वर येणाऱ्या आई-बापाची गोष्ट करायला घेतली की निम्म्या संहिता पहिल्या तीन मिनिटांतच रडायला लागतात. मागे बासरी, दारात सावकार, कोपऱ्यात खोकणारी आजी. प्रेक्षकाला वाईट वाटतं, पण या माणसाला नेमके किती पैसे कमी पडताहेत हे काही कळत नाही. ते कळल्याशिवाय जीव टांगणीला लागत नाही.

विल स्मिथचा 2006 चा ‘द परस्यूट ऑफ हॅपीनेस’ या नजरेने पुन्हा बघा. हाडांची घनता मोजणारे स्कॅनर विकणाऱ्या बापाची ही गोष्ट. एक स्कॅनर विकला की 250 डॉलर. शेअर दलालीच्या कंपनीत सहा महिने बिनपगारी उमेदवारी, 20 उमेदवार आणि जागा एक. करखात्याने खात्यातली रक्कम उचलल्यावर उरतात 21 डॉलर 33 सेंट. संकट प्रत्येक वेळी आकड्यात सांगितलंय, आणि ते अवजड यंत्र बाप हातात घेऊन सिनेमात बराच वेळ फिरतो. तुमच्या फिल्मलाही अशीच एक वस्तू हवी.

अमळनेर-पारोळ्याच्या कापसाच्या पट्ट्यात ती वस्तू आयतीच आहे: 16 लिटरचा फवारणीचा पंप. उधारीवर घेतलेला. तो चालला तर चूल पेटते.

संहितेआधी वहीत हिशोब मांडा. समजा एका भरलेल्या पंपामागे 40 रुपये मजुरी आणि दिवसाला 15 पंप, म्हणजे 600 रुपये. मुलीच्या वसतिगृहाचे 9,000 भरायला मुदत 18 दिवसांची. त्यातले 6 दिवस पावसाचे, म्हणजे कमाई 7,200. घरखर्च रोज 250 धरला तर 18 दिवसांचे 4,500 गेले, उरले 2,700. तूट 6,300. (दर तुमच्या गावात विचारून घ्या, आमचे आकडे नमुन्याचे आहेत.) हा हिशोब पहिल्या दोन मिनिटांत प्रेक्षकाला कळू द्या, आणि 6,300 हा आकडा निदान दोनदा तोंडातून येऊ द्या, एकदा बापाच्या आणि एकदा मुलीच्या. पुढे पंपाची बॅटरी बसली आणि 450 खर्च आला की पार्श्वसंगीताची गरजच उरत नाही.

आणखी एक गोष्ट इथेच हाताला लागते. पाऊस आला की अख्खं गाव सुखावतं, फवारणीवाला मात्र घरी बसतो, कारण औषध धुऊन जातं. बाहेर पोरं भिजताहेत, ओसरीवर कोरडा पंप आणि त्याच्याकडे बघणारा बाप. एवढा एक प्रसंग नीट जमला तरी फिल्म उभी राहते.

बारा मिनिटांची फिल्म म्हणजे संहितेची साधारण बारा पानं. शेतातले प्रसंग आठ दिवसांत संपवा. ऑगस्टमध्ये कापूस भराभर वाढतो. आज कमरेला असलेलं झाड पंधरा दिवसांनी छातीला आलं की सलग प्रसंगातली फट उघडी पडते.

नटाच्या पाठीवर पंप पूर्ण भरूनच द्या. पाणी आणि पंप मिळून वीसेक किलो होतात, पट्टा खांद्यात रुततो, चाल आपोआप बदलते. रिकाम्या पंपाने वाकून चालण्याचा अभिनय लगेच पकडला जातो. अर्धा भरू नका, आत पाणी हिंदकळतं आणि माणूस भलतीकडे झुकतो. टाकीत फक्त साधं पाणी, आणि औषधाला कधीही न वापरलेला पंप. धुतलेला जुना चालणार नाही. तुषार उठून दिसायला सूर्य नटाच्या मागे ठेवा. सकाळी 7 ते 9.30 किंवा संध्याकाळी 4.30 नंतर.

मोबाइलवर सेकंदाला 25 फ्रेम आणि शटर 1/50 सेकंद ठेवा. आपली वीज 50 हर्ट्झची आहे. शटर तिच्याशी जुळलं नाही तर ट्यूबलाइटखाली चित्रात काळे पट्टे सरकतात. घरातले प्रसंग वाया जातात ते बहुतेक यामुळेच. भर उन्हात हेच शटर ठेवायचं तर लेन्सवर 64 चा एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काळपट काच) लावा, नाहीतर सगळं पांढरंफट्ट. एक्सपोजर (चित्राचा उजळपणा) लॉक करा, नाहीतर ढग सरकला की चेहरा उजळ-काळा होत राहतो. तापलेला फोन मध्येच बंद पडतो, तेव्हा दोन टेकच्या मधे तो सावलीत ठेवा. ओल्या फडक्यात गुंडाळू नका.

आवाजाकडे सगळे दुर्लक्ष करतात. कॉलर माइकला वारा अडवणारी केसाळ टोपी घाला, संवादाच्या वेळी पंपाची मोटर बंद ठेवा आणि तिची घुरघुर वेगळी रेकॉर्ड करा. प्रत्येक जागेची एक मिनिट शांतताही घ्या, संकलनात तीच सांधे झाकते.

बोली एकच धरा. अमळनेरचा बाप अहिराणीत ‘काय करी राहिना’ म्हणेल. रावेर-यावलच्या नटाला आणून तेच बोलायला लावलं तर तिकडच्या तावडी बोलीचं वळण डोकावतं आणि दोन्हीकडची माणसं हसतात. वाक्यं पाठ करून घेऊ नका. प्रसंग सांगा, बोलू द्या, मग लिहून घ्या.

बसस्थानकात शूटिंगला एसटीची परवानगी लागते. जमत नसेल तर काळीपिवळीत घ्या, टपावर बांधलेला पंप तिथे जास्त शोभतो. मुलगी 14 वर्षांखालची असेल तर निर्मात्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, दिवसाला 5 तासांपेक्षा जास्त काम नाही आणि विश्रांतीशिवाय सलग 3 तासांपेक्षा जास्त नाही.

शेवटी लॉटरी नको, दानशूर शेठही नको. तूट भरून निघायची तर तीही हिशोबातच: दुसऱ्या गावचं काम, उधारीवर दुरुस्त केलेली बॅटरी, मुलीची साठवलेली चिल्लर. पावतीवर शिक्का पडतो तिथे कट करा, मिठी नको.

कच्चं संकलन झालं की आधी फवारणीला जाणाऱ्या चार-पाच जणांना दाखवा. मजुरीचा दर चुकला असेल तर त्यातलं कोणीतरी मोठ्याने सांगेलच. तो बदला, आणि त्याबरोबर 6,300 चा आकडा जिथे जिथे आलाय तिथलं डबिंगही.