कंबरदुखी की सायटिका? दुखणं पायात कुठपर्यंत उतरतं ते आधी बघा

कंबर धरली की आपल्याकडे पहिल्याच दिवशी सल्ले सुरू होतात. पायाळू माणसाकडून पाय लावून घे. नस चोळणाऱ्याकडे जा. बिब्बा घाल. नाहीतर सरळ जळगावला जाऊन एमआरआय काढ. दुखणं नेमकं कुठून निघतं आणि कुठपर्यंत जातं, हे मात्र कुणी विचारत नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे. केळीचे घड वाहणारे, कापूस वेचणाऱ्या बाया, डाळ मिलमधले हमाल, दिवसभर मोटारसायकलवर फिरणारे असे सगळे माझ्याकडे येतात आणि बहुतेकांच्या उपचाराची दिशा याच प्रश्नाच्या उत्तरावर ठरते.

आधी धोक्याची लक्षणं तपासा

लघवी अडकली आहे किंवा झालेली कळत नाही, शौचावरचा ताबा गेला आहे, सायकलच्या सीटला टेकणारा भाग बधिर झाला आहे, दोन्ही पायांतली ताकद झपाट्याने कमी होते आहे: यातलं एक जरी असलं तरी हा लेख बाजूला ठेवा आणि १०८ ला फोन करा. कण्याच्या तळाशी मज्जातंतूंचा जुडगा असतो. तो दाबला गेला की असं होतं. तातडीने शस्त्रक्रिया लागू शकते आणि उशीर झाला तर लघवीचा ताबा कायमचा जाऊ शकतो. अशा माणसाला फिजिओकडेही आणू नका, मोठ्या रुग्णालयात न्या. घरातल्या म्हाताऱ्या बाया लाजेपोटी हे सांगत नाहीत, म्हणून लेकीने किंवा सुनेने स्पष्ट शब्दांत विचारावं.

ताप, विनाकारण घटणारं वजन, रात्री आडवं झाल्यावरही न थांबणारं दुखणं, पूर्वी झालेला कर्करोग, घरात क्षयरोग, बऱ्याच दिवसांच्या स्टिरॉइडच्या गोळ्या, किंवा वयस्कर माणूस पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं असेल, तर आधी डॉक्टर. मणक्याचा क्षय आपल्याकडे आजही दिसतो आणि तो व्यायामाने बरा होत नाही.

बोटाने रेघ ओढा

उभं राहून दुखणं जिथून निघतं तिथपासून जिथे संपतं तिथपर्यंत एका बोटाने दाखवा. कंबर, कुल्ला, फार तर मांडीत बोथट ठणका, एवढ्यातच बोट फिरलं तर ती बहुधा साधी कंबरदुखी. कितीही जोरात दुखत असली तरी यातली बहुतेक दुखणी काही आठवड्यांत बसतात.

बोट कुल्ल्यातून मांडीच्या मागून गुडघ्याखाली, पोटरीत, पावलापर्यंत सरळ उतरलं, कंबरेपेक्षा पाय जास्त दुखतो, मुंग्या येतात, खोकलं-शिंकलं की पायात झणका जातो, तर सायटिकाचा संशय घ्या. सायटिक नस ही शरीरातली सर्वांत जाड नस. कंबरेतून आणि माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीतून निघणाऱ्या मुळांनी ती बनते. मणक्यांमधल्या सर्वांत खालच्या दोन गाद्यांपैकी एखादी बाहेर येऊन नसेचं मूळ चिडलं की दुखणं पायात जाणवतं. ठिबकची नळी बांधापाशी दाबली गेली तरी कोरडं पडतं शेवटचं झाड, तसंच हे. म्हणून पोटरी चोळून सायटिका जात नाही. पावलाची वरची बाजू आणि अंगठा बधिर असेल तर बहुधा कंबरेचं पाचवं मूळ (एल-५), बाहेरची कड आणि करंगळी असेल तर त्याच्या खालचं (एस-१).

‘पाय दुखस’ म्हणून येणारा प्रत्येक जण सायटिकाचा नसतो. शुगरवाल्यांच्या दोन्ही तळव्यांची आग वेगळी. थोडं चाललं की पाय भरून येतात आणि खाली बसलं किंवा पुढे वाकलं की मोकळे होतात, हे बहुधा उतारवयातलं मज्जारज्जूची नळी अरुंद होण्याचं दुखणं. बिडी ओढणाऱ्याची पोटरी चालताना आवळते आणि नुसतं उभं राहिल्यावर सुटते, तेव्हा रक्तवाहिन्या तपासून घ्याव्या लागतात. या मंडळींनी पुढचा पालथं झोपण्याचा भाग स्वतःवर करून बघू नये.

मग ताकद बघा. भिंतीला हात लावून टाचांवर दहा पावलं, चवड्यांवर दहा पावलं. एक पाऊल उचलतच नाही, किंवा चप्पल पायातून निसटते आणि कळत नाही, तर त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञ किंवा मेंदू-मणक्याच्या डॉक्टरांकडे जा.

दुखणं वर चढतंय की खाली उतरतंय

इथेच सगळी गडबड होते. शिकत असताना ही गोष्ट अंगवळणी पडायला मला बराच काळ लागला आणि आजही रोज कुणाला ना कुणाला ती समजावताना घसा कोरडा पडतो.

नस सुटायला लागली की दुखणं आधी पावलातून निघतं, मग पोटरीतून, मग मांडीतून, आणि कंबरेत गोळा होतं. त्या दिवसांत कंबर पूर्वीपेक्षा जास्त दुखू शकते. माणूस घाबरतो, म्हणतो व्यायामाने वाढलं, आणि सुधारणा सुरू झाली त्याच दिवशी सगळं बंद करून पुन्हा अंथरुणाला खिळतो. तसं करू नका. पाय मोकळा होऊन कंबर दुखत असेल तर तुम्ही बरे होत आहात. याच्या उलट, कंबर हलकी झाली पण मुंग्या पोटरीवरून बोटांपर्यंत गेल्या, तर तुम्ही बिघडत आहात, मग ‘कंबरेला किती आराम पडला’ असं वाटत का असेना. दुखण्याचा जोर मोजू नका, त्याचं शेवटचं टोक कुठे आहे ते बघा.

न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेन्झी यांच्या १९५६ साली हे लक्षात आलं. त्यांचा एक रुग्ण योगायोगाने कंबर मागे वाकलेल्या स्थितीत पालथा पडून राहिला आणि त्याचा पाय मोकळा झाला. पुढे त्यावर तपासणीची एक पूर्ण पद्धत उभी राहिली.

घरी करून बघायचं ते असं. जमिनीवर सतरंजी टाका. खाट नको, ती मधे झोळते. पालथं झोपा, हात बाजूला, दोन-तीन मिनिटं. पाठ फारच ताठ असेल तर पोटाखाली पातळ उशी घ्या. मग कोपरांवर टेकून छाती उचला, पुन्हा दोन-तीन मिनिटं. मग तळहात खांद्यांखाली टेकवून हातांच्या जोरावर छाती वर न्या. कंबर जमिनीकडे सैल सोडलेली, पाठीचे स्नायू ढिले. हे दहा वेळा, सावकाश. प्रत्येक टप्प्यानंतर एकच प्रश्न विचारा: टोक कुठे आहे? वर चढलं किंवा आहे तिथेच राहिलं तर पुढे जा, आणि दिवसातून पाच-सहा वेळा हेच करा. खाली उतरलं आणि उठल्यावरही खालीच राहिलं, तर तिथेच थांबा. ‘अजून दोन करू, मोकळं होईल’ हा हट्ट नसेवर चालत नाही. सगळ्यांनाच मागे वाकणं मानवत नाही. काहींना गुडघे पोटाशी घेऊन बरं वाटतं, काहींना कुशीवर. तुमची दिशा कोणती, हे ठरवणं हेच फिजिओथेरपिस्टचं खरं काम.

दोन इशारे. आरशात कंबर एका बाजूला सरकलेली दिसत असेल तर हा प्रयोग एकट्याने करू नका. आणि बधिरपणा सगळ्यात शेवटी जातो, कधी कधी काही महिने घेतो. दुखणं गेलं, पाऊल थोडं सुन्न राहिलं आणि ताकद पूर्ण आहे, तर घाबरू नका. फक्त त्या पावलावर गरम पाण्याची पिशवी ठेवू नका, भाजलेलं कळणार नाही. बिब्बा आणि डाग देणं तर अजिबात नको. कातडीच्या जखमेने आतल्या नसेला काहीही होत नाही.

आठवडाभर काय करायचं

अंथरुणात एक-दोन दिवस, त्याहून जास्त नाही. दर अर्ध्या तासाला उठा, थोडं थोडं चाला. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत. वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारून घ्या. मेडिकलवरून स्वतःच आणलेल्या गोळ्या महिनोन्‌महिने खाऊन पोट आणि किडनी खराब केलेली माणसं मी पाहिली आहेत.

एमआरआयची घाई करू नका. धोक्याची लक्षणं नाहीत आणि ताकद शाबूत आहे, तर पहिले सहा आठवडे त्याने उपचार फारसा बदलत नाही. काहीच दुखत नसलेल्या लोकांच्या स्कॅनचा मोठा आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या सुमारे ३० टक्के आणि ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांची गादी फुगलेली होती. रिपोर्टमध्ये ‘बल्ज’ वाचून शेती सोडायला निघालेला चाळिशीतला माणूस बघितला की मला खरंच वाईट वाटतं. बाहेर आलेली गादी पुष्कळदा शरीर स्वतःच काही महिन्यांत शोषून घेतं.

फिजिओकडे कधी जायचं, आणि कुणाकडे

पाय दुखत असेल तर आठवडाभराच्या आत. नुसती कंबर असेल आणि दोन-तीन आठवड्यांत उतार नसेल तर. किंवा दरवर्षी वेचणीच्या दिवसांत हटकून धरत असेल तर हंगामाच्या आधीच.

चांगला फिजिओ पहिल्या भेटीत तुम्हाला वाकायला लावतो, पाय सरळ उचलून बघतो, अंगठ्याची ताकद आणि पायाची जाणीव तपासतो, आणि घरी काय करायचं ते शिकवतो. नुसतं मशीन लावून, वजन बांधून, पंधरा बैठकांचे पैसे आधी मागत असेल तर उठून या. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या २०१६च्या मार्गदर्शक सूचनांत कंबरदुखी आणि सायटिकासाठी ट्रॅक्शन (वजन बांधून ताणणं), कंबरपट्टा, अल्ट्रासाउंड आणि विजेच्या करंटचे उपचार देऊ नका असं स्पष्ट म्हटलं आहे. मशीनने तासभर बरं वाटतं हे खरं, पण तेवढ्यासाठी रोज एसटीने येणं-जाणं म्हणजे नसेला रोज धक्के. आणि समोरच्याकडे बीपीटी ही फिजिओथेरपीची पदवी आणि राज्य परिषदेची नोंदणी आहे का ते विचारा. विचारल्याचा राग कुणाला यायचं कारण नाही.

कामावर परतताना पाय पूर्ण मोकळा असावा. युरियाची गोणी ४५ किलोची असते. ती पहिल्या दिवशी उचलू नका. आधी पाण्याची कळशी, मग अर्धी गोणी, मग दोघांनी मिळून पूर्ण, आणि प्रत्येक टप्प्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी टोक कुठे आहे ते बघून पुढचं वजन. सकाळी उठल्यावर पहिल्या तासात गाद्या फुगलेल्या असतात, तेव्हा वाकून जड उचलणं टाळा. सायटिका झाली म्हणून घड वाहणं जन्मभर बंद, असं सांगणाऱ्याचं ऐकू नका.

पहिल्या भेटीला येताना चालू गोळ्यांची पाकिटं आणा, सैल पायजमा किंवा सलवार घाला, आणि कागदावर माणसाची आकृती काढून दुखण्याची रेघ ओढून आणा. पंधरा दिवसांपूर्वीची एक आणि आजची एक, दोन वेगळ्या रंगांत.