अमेरिकेतल्या तुरुंगातून दावा लावताना

राज्याच्या किंवा काउंटीच्या (जिल्ह्यासारख्या विभागाच्या) तुरुंगात मारहाण झाली, औषधपाणी नाकारलं, तर कैद्याला नागरी हक्कांच्या केंद्रीय कायद्यातल्या ‘कलम १९८३’खाली फेडरल (केंद्रीय) कोर्टात दावा लावता येतो. पण १९९६च्या कायद्याने आधी तुरुंगातल्याच तक्रार-प्रक्रियेची सगळी अपिलं संपवावी लागतात. भलेभले दावे इथेच आपटतात. तक्रार करायची मुदत काही ठिकाणी जेमतेम आठ-पंधरा दिवसांची, म्हणून तक्रारीचा फॉर्म लगेच भरा. झेरॉक्स मिळत नसेल तर हाताने नक्कल करा आणि तारीख, फॉर्म घेणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव लिहून ठेवा. उत्तर आलं नाही तरी पुढची पायरी चढाच. कोर्टाच्या फीचं म्हणाल तर, गरिबीचा अर्ज (आधी फी न भरता दावा लावू द्या, अशी विनंती) मंजूर झाला तरी फीचे ३५० डॉलर सुटत नाहीत. कैद्याच्या खात्यातून हप्त्याहप्त्याने कापतात.