केदारनाथ-बद्रीनाथला निघताय? या चुका टाळा (आम्ही बहुतेक सगळ्या करून बसलोय)

केदारनाथचं ठरलं की फॅमिली ग्रुपवर एक मेसेज हमखास पडतो, "सोळा किलोमीटर तर आहे, वारीत दिवे घाट चढतोच की आपण." आमच्याही ग्रुपवर पडला होता आणि मीच टाकला होता. आता हिशोब बघा. कळसूबाई १,६४६ मीटर, महाराष्ट्रात त्याहून उंच काही नाही. केदारनाथची पायवाट जिथून सुरू होते ते गौरीकुंडच साधारण १,९८० मीटरवर, म्हणजे आपलं सगळ्यात उंच शिखर जिथे संपतं त्याच्याही वरून तुम्ही चालायला लागता, आणि मंदिर ३,५८३ मीटरवर. जवळजवळ सोळाशे मीटरची चढाई, समुद्रावरून निघून कळसूबाईच्या माथ्यावर जावं तशी, आणि तीही विरळ हवेत. त्यामुळे किलोमीटर विसरा, तास आणि उंची मोजा.

सगळ्यात मोठी चूक मात्र पायातली नाही, कॅलेंडरमधली असते.

आपण काय करतो, सुट्टी मोजून घेतो. शनिवारी हरिद्वार, रविवारी सोनप्रयाग (आपली गाडी जाते ते शेवटचं गाव), सोमवारी वर केदारनाथला, मंगळवारी खाली, बुधवारी बद्रीनाथ, शुक्रवारची परतीची गाडी. कागदावर मस्त दिसतं. पण हरिद्वार ते सोनप्रयाग अडीचशेच्या आत किलोमीटर असले तरी अख्खा दिवस जातो, कारण घाट, रस्त्याची कामं, ट्रॅफिक, आणि रात्री पहाडात गाड्या सोडत नाहीत त्यामुळे "रात्रभर चालवून पोचू" हा मुंबई-कोकण फॉर्म्युला इथे चालत नाही. मध्ये कुठे दरड आली की गेला दिवस. आमचे चार तास रुद्रप्रयागच्या अलीकडे गाडीत बसून गेले आणि मग पुढचं सगळं धावतपळत, जेवण नाही, झोप नाही, चिडचिड वेगळीच. म्हणून माझं एकच म्हणणं आहे, दोन धामाला कमीत कमी एक दिवस पूर्ण रिकामा ठेवा, त्यात काहीही प्लॅन करू नका. यमुनोत्री-गंगोत्री धरून चार धाम असेल तर दोन. आणि परतीच्या ट्रेनच्या आदल्या रात्री हरिद्वारला मुक्काम हवाच, त्याच दिवशी पहाडातून उतरून गाडी पकडायची हिंमत करू नका.

रस्ता बंद झाला तर काय करायचं हे पण आधीच ठरवून ठेवा. रुद्रप्रयागला दोन रस्ते फुटतात, मंदाकिनीच्या काठाने केदारनाथ आणि अलकनंदेच्या काठाने बद्रीनाथ. केदारची वाट बंद असेल तर बॅरिकेडपाशी ताटकळत बसण्यापेक्षा बद्रीनाथ आधी उरकता येतं का बघा, तिथे गाडी गावापर्यंत जाते. पण हे जमायला रजिस्ट्रेशनच्या तारखा आणि हॉटेलचं बुकिंग थोडं लवचिक हवं, नाहीतर पुन्हा तेच.

रजिस्ट्रेशन सक्तीचं आहे आणि ते उत्तराखंड सरकारच्या साइटवर किंवा ॲपवर घरूनच करा. "हरिद्वारला काउंटरवर करू" असं सांगणारे भेटतील, पण २०२४च्या मे महिन्यात गर्दी इतकी झाली की काउंटरवरची नोंदणीच थांबवली होती आणि लोक तिथेच अडकले. मी तर म्हणेन आधी रजिस्ट्रेशन, मग ट्रेनचं तिकीट. उलटं केलं की तारखा जुळवता जुळवता नाकी नऊ येतात.

तारखांवरून आठवलं, दिवाळीच्या सुट्टीत केदारनाथ ही एक खास आपली चूक. केदारनाथची कपाटं, म्हणजे मंदिराची दारं, हिवाळ्यासाठी भाऊबीजेला बंद होतात (२०२५ला २३ ऑक्टोबर). ओवाळून घेऊन निघालात तर वर देव नाही, उत्सवमूर्ती पालखीतून उखीमठला निघालेली असते. तुम्हीही मग उखीमठला ओंकारेश्वर मंदिरात दर्शन घेऊ शकता, छान जागा आहे, पण ते माहीत असून जाणं वेगळं. मेच्या सुट्टीत गर्दी प्रचंड, जुलै-ऑगस्ट तर मी कोणालाच सुचवणार नाही. २०१३च्या जूनमधल्या महापुरात काय झालं ते सगळ्यांना आठवतं, पायवाटेवरचं रामबाडा नकाशावरून गेलं, पण ३१ जुलै २०२४च्या पावसातही लिंचोली-भीमबली भागात पायवाट वाहून गेली होती हे लोक विसरतात. सप्टेंबरची अखेर ते ऑक्टोबरची सुरुवात मला सगळ्यात बरी वाटते, थंडी असते पण डोंगर स्वच्छ दिसतात.

आता तब्येतीचं. आमचे काका लिंचोलीपाशी म्हणाले डोकं दुखतंय, मळमळतंय. आम्ही काय केलं, चहा दिला, कापूर हुंगायला दिला आणि "आता आलंच" म्हणत पुढे नेलं. रात्री वर त्यांना झोप नाही, उलट्या, आणि तंबूत आम्ही सगळे हातपाय गाळून बसलेलो. पहाटे आधी मेडिकल कॅम्पला दाखवलं आणि उजाडताच खाली उतरवलं, गौरीकुंडला येईपर्यंत माणूस अर्धा बरा होता. डोकेदुखी, मळमळ, चक्कर ही लक्षणं चढताना आली की थांबायचं, वाढली की खाली उतरायचं, याला दुसरं औषध नाही. कापूर हुंगून हवेतला ऑक्सिजन वाढत नाही हो. उंचीची गोळी वगैरे घ्यायची असेल तर घरून निघायच्या आधी आपल्या डॉक्टरांना विचारा, बीपी-शुगर-हार्टवाल्यांनी तर नक्कीच. आणि हरिद्वारहून थेट वर धडक मारण्याऐवजी एक रात्र गुप्तकाशी किंवा सोनप्रयागला काढा, शरीराला जरा कळू दे कुठे आणलंय ते.

इथेच हेलिकॉप्टरवाल्यांची गंमत होते. "आईला चालवत नाही, हेलिकॉप्टरने नेऊ" हे बरोबर आहे, पण काही मिनिटांत साडेतीन हजार मीटरवर उतरवलं की शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही, मग उतरल्या उतरल्या आई बसकण मारते आणि आपण म्हणतो काल तर ठणठणीत होती. दर्शन घ्या, आराम करा, उगीच भैरवनाथाची टेकडी चढवू नका. तिकीट फक्त आयआरसीटीसीच्या हेलियात्रा साइटवरून, मेसेजमध्ये येणाऱ्या लिंकवरून अजिबात नाही, त्यात फसलेले कमी नाहीत. शिवाय ढग आले की उड्डाण रद्द. म्हणजे पुन्हा तो रिकामा दिवस.

घोडा-खच्चर, डोली, कंडी (माणूस पाठीवर नेतो ती टोपली) घ्यायची तर काउंटरवरून पावती करूनच घ्या, वाटेत भाव ठरवत बसू नका. सोनप्रयागच्या पुढे आपली गाडी जात नाही, गौरीकुंडपर्यंत पाच किलोमीटर तिथली जीप, आणि त्या रांगेत पहाटे चारला उभं राहिलं तरी पुढे शंभर माणसं असतात, हा वेळ कोणी धरतच नाही. चालायला उजाडता उजाडता सुरुवात झाली पाहिजे, दुपारनंतर पाऊस कधीही येतो.

सामानात लोक स्वेटर चार घेतात आणि रेनकोट एक, तोही वीस रुपयांचा प्लास्टिकचा. नेमकं उलटं करा. बूट नवीन नकोत, महिनाभर वापरलेले हवेत. रोख पैसे वेगवेगळ्या खिशात ठेवा, नेटवर्क गेलं की यूपीआय नुसतं गोल गोल फिरत बसतं.

आणि घरात कोणाला केदारनाथ झेपणार नाही म्हणून "मग तुंगनाथ करू, छोटा ट्रेक आहे" असं कोणी सुचवलं तर जरा थांबा. चोपत्याहून वाट चारेक किलोमीटरचीच आहे हे खरं, पण तुंगनाथ केदारनाथपेक्षाही उंचावर आहे. त्यापेक्षा त्यांना गाडीने त्रियुगीनारायणला न्या, सोनप्रयागपासून जवळ आहे, शंकर-पार्वतीचं लग्न लागलं ती जागा म्हणतात, धुनी अजून पेटती आहे. आमची आत्या तिथे दोन तास निवांत बसली होती आणि घरी आल्यावर फोटो सगळ्यांना त्याचेच दाखवत होती.