खडकाळ डोंगरावरील चकोराची शिकार: नवशिक्यांनी या चुका टाळाव्यात

ज्या प्रदेशात कायद्याने मुभा आहे, तेथे परवाना काढून हंगामात चकोराच्या शिकारीला जाणारे बहुतेक नवशिके एकाच चुकीमुळे रिकाम्या हाताने परततात. साद ऐकू आली की ते खालून थेट तिच्या रोखाने चढू लागतात. चकोर चढावर पळतो आणि उडायची वेळ आली की उताराकडे झेपावतो, त्यामुळे खालून येणारा माणूस त्याला केवळ वर हाकत नेतो. पहिल्या हंगामात मी एका थव्याच्या मागे तीन तास असाच चढत राहिलो. दर वेळी राखाडी पाठी खडकांआड सरकताना दिसत आणि मी धापा टाकत तेथे पोहोचेपर्यंत ताजी विष्ठा व उकरलेली माती एवढेच उरे. अखेर माथ्याजवळ आलो तेव्हा सारा थवा माझ्या डोक्यावरून, मी जिथून निघालो होतो त्याच घळीत उतरला. तेव्हापासून मी लांबच्या सोंडेने आधी माथा गाठतो, मग आवाजाच्या किंचित वरून आडवा चालतो आणि मधून मधून थांबतो, कारण पावले थबकली की दडलेला पक्षी बिथरून उडतो. हा फेरा टाळून जवळची वाट शोधणाऱ्यांना मी सोबत नेत नाही.

थवा उडाला की सगळ्यांवर मिळून बार टाकू नये. एकच पक्षी निवडावा.

पडलेल्या पक्ष्यावरून नजर काढणे ही मला सर्वांत असह्य वाटणारी चूक आहे. चकोराचा रंग दगडांत बेमालूम मिसळतो आणि पंख मोडलेला पक्षी पळत जाऊन कपारीत शिरतो. म्हणून मी दुसरा बार न टाकता, पक्षी पडला त्या जागेजवळचा ठळक दगड किंवा झुडूप हेरतो, बार टाकला तेथे टोपी ठेवतो आणि सरळ रेषेत चालत जातो. तो सापडेपर्यंत पुढची शिकार नाही. जखमी जीव कपारीत तडफडत ठेवून पुढच्या थव्यामागे धावणाऱ्याने बंदूक हातात घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हाताचा आधार घेऊन चढायचे असेल, तर आधी दुनळी उघडून काडतुसे काढावीत; सैल दगडांवर पाय केव्हा घसरेल याचा नेम नसतो. कुत्रा बरोबर असल्यास पाणी दोघांपुरते घ्यावे आणि त्याचे पंजे दर थांब्यावर तपासावेत, कारण धारदार खडकांनी तळवे फाटले तरी तो पळायचे थांबत नाही.