जुना मड गेम जिवंत ठेवायचाय? आधी लोकांना एका जागी आणा

मड म्हणजे अनेकांनी एकाच वेळी ऑनलाइन, कमांड टाइप करून खेळायचा टेक्स्ट गेम. असा मड सांभाळताय आणि प्लेअर गळत चाललेत, तर सगळ्यात आधी नवे एरिया लिहिणं थांबवा. खरंच सांगते. लोक कमी झाले की ॲडमिन अजून शंभर-दोनशे रूम (म्हणजे गेममधल्या जागा) जोडतात, मग जे काही दहा-पंधरा जण उरलेत ते आणखी पांगतात आणि कुणाला कुणी भेटतच नाही. उलट करा. ओसाड पडलेल्या भागांचे दरवाजे सध्या बंद ठेवा, बँक, दुकान, हीलर सगळं एकाच चौकाभोवती आणा, म्हणजे येताजाता माणसं एकमेकांना दिसतील. वेळेचंही तेच. आठवड्यात एक तास पक्का ठरवा, लोक वेगवेगळ्या देशांतले असतील तर दोन, आणि एकच जण आला तरी ॲडमिनने हजर राहायचं.

आता नवा माणूस. तो लॉगिन करतो, समोर येतं, "तू दगडी चौकात उभा आहेस. उत्तरेला वेस, पूर्वेला सराई." तो 'हू' (आत्ता कोण ऑनलाइन आहे ते दाखवणारी कमांड) टाइप करतो, चार नावं दिसतात, हॅलो म्हणतो, आणि चौघंही गेम चालू ठेवून उठून गेलेले. पाचेक मिनिटं थांबतो, जातो, परत येत नाही. जुने मड बहुतेक इथेच मरतात, बग्समुळे नाही! म्हणून गेममधला चॅट चॅनल डिस्कॉर्ड या चॅट ॲपला जोडणारा छोटा बॉट लावा, नवं कॅरेक्टर बनलं की तिकडे मेसेज पडला पाहिजे आणि तिकडून दिलेलं उत्तर थेट गेममध्ये दिसलं पाहिजे. 'हू'च्या यादीत कोण किती वेळ गप्प आहे तेही दाखवा. आणि नव्या माणसाच्या तोंडावर नियमांची वीस ओळींची यादी फेकू नका, सोबत दोन रूम चाला, पहिला उंदीर मारायला मदत करा.

रिचर्ड बार्टलने (रॉय ट्रबशॉने १९७८ मध्ये एसेक्स युनिव्हर्सिटीत सुरू केलेल्या पहिल्या मडवर यानेच पुढे काम केलं) १९९६ मध्ये प्लेअरचे चार प्रकार मांडले, पॉइंट कमावणारे, जग धुंडाळणारे, गप्पा मारणारे आणि दुसऱ्यांवर तुटून पडणारे. छोट्या गेममध्ये या शेवटच्या प्रकारातले दोघं-तिघं जरी मोकाट सुटले तरी गप्पावाले आधी पळतात, त्यामुळे प्लेअरने प्लेअरला मारणं दोघांच्या संमतीनेच ठेवा.

अंध प्लेअरना मात्र अजिबात विसरू नका. स्क्रीन रीडरवर (स्क्रीनवरचा मजकूर मोठ्याने वाचणारं सॉफ्टवेअर) नीट खेळता येतील असे ऑनलाइन गेम फार थोडे आहेत, मड त्यातला एक, आणि हे लोक वर्षानुवर्षं टिकतात. फक्त चिन्हांनी काढलेला नकाशा आणि दर ओळीतल्या रेघा-चांदण्या बंद करायची कमांड द्या, कारण रीडर "डॅश डॅश डॅश स्टार" असं सगळं वाचत बसतो. ती कमांड पहिल्याच स्क्रीनवर सांगा. नंतर कुठेतरी हेल्प फाइलमध्ये असून उपयोग नाही, तोवर माणूस वैतागून गेलेला असतो.

शेवटचं काम कंटाळवाणं आहे पण टाळू नका. सर्व्हर, डोमेन आणि कोडचे पासवर्ड किमान दोघांकडे हवेत, बॅकअप दुसऱ्या मशीनवर हवा, आणि तो अधूनमधून खरंच उघडून, गेम चालू करून, जुनं कॅरेक्टर सामानासकट लॉगिन होतंय का ते बघा.